परदेशी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावताना आपल्या विश्वासाविषयी कधी आणि कसे बोलावे?

गोवंडीकर

सर्वांना सलाम.

आम्ही पती-पत्नी गोवंडी-देवनार भागात राहतो आणि एका लहान मराठी ख्रिस्ती मंडळीचे सभासद आहोत. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या पुढाकाराने १९५६ साली सुरू झालेल्या या संस्थेत आशिया आणि आफ्रिकेतील देशांतून विद्यार्थी येत असतात. भाजीच्या गाड्यांपाशी, रिक्षाच्या रांगेत, गोवंडी स्थानकाच्या पुलावर त्यांची आमची नजरानजर होते, कधी रस्ता विचारला जातो, आणि तेवढ्यावरच ओळख थांबते. माझ्या पत्नीची मात्र त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी चांगली ओळख झाली आहे. एक मुलगी नेपाळची, एक तरुण इथिओपियाचा आणि एक अफगाणिस्तानचा. या मुलांना रविवारी दुपारी घरी जेवायला बोलवावे, असे आमच्या मनात बरेच दिवस आहे.

मंडळीत हा विषय काढला तेव्हा दोन अगदी उलट मते ऐकायला मिळाली. एका वडील सभासदांचे म्हणणे असे की, जेवू घालायचे आणि ख्रिस्ताविषयी चकार शब्द काढायचा नाही, तर मग आपल्यात आणि खानावळीत फरक तो काय राहिला? दुसऱ्या एका बाईंचे म्हणणे असे की, सध्याच्या वातावरणात परक्या देशांतील मुले घरी येऊन बसली आणि आतून प्रार्थनेचा आवाज बाहेर गेला, तर सोसायटीत कोणी ना कोणी धर्मांतराची कुजबुज सुरू करील, तेव्हा हे नसते उपद्व्याप अंगावर घेऊच नयेत. दोघांचेही म्हणणे मला अर्धेअर्धे पटते, आणि त्यामुळेच पाऊल पुढे पडत नाही.

आमचा हेतू काय, हे प्रामाणिकपणे सांगतो. आम्हाला ही मुले आवडली आहेत, म्हणून त्यांना बोलवायचे आहे. त्याचबरोबर ज्या विश्वासावर आमचे घर उभे आहे तो त्यांना कळावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे, आणि ही दुसरी इच्छा लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. जेवणापूर्वीची प्रार्थना नेहमीसारखी मोठ्याने करावी की त्या दिवसापुरती मनातल्या मनात? विश्वासाचा विषय आपण काढावा की त्यांनी काढण्याची वाट पाहावी? आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात, साध्या स्वयंपाकात, वेगवेगळ्या धर्मांच्या तीन पाहुण्यांचे पथ्यपाणी सांभाळायचे कसे? ज्यांना याचा अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चेंबूरची मावशी

सलाम. घर लहान आहे याची चिंता करू नका. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला घराचे क्षेत्रफळ दिसत नाही. कुकरची शिट्टी, मुलांची भांडणे आणि आजीचे खोकणे या गोष्टींनी तो सुखावतो, कारण त्याच्या घरीही हेच चालू असते. आमच्याकडे गेली अनेक वर्षे अशी मुले येत आहेत, आणि ज्यांच्यासाठी मी फार थाटमाट केला ती मुले अवघडून बसली, असाच माझा अनुभव आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मी आमंत्रणातच देऊन टाकते. बोलावताना स्पष्ट सांगावे की आम्ही ख्रिस्ती कुटुंब आहोत, रविवारी उपासनेहून आल्यावर आम्ही एकत्र जेवतो, जेवणापूर्वी छोटी प्रार्थना करतो, त्या वेळी तुम्ही नुसते बसून राहिलात तरी चालेल. एवढे एक वाक्य ऐकून ज्याला यायचे नाही त्याला ‘अभ्यास आहे’ असे म्हणून सुटका करून घेता येते, आणि जो येतो त्याला दारात पाऊल टाकल्यावर धक्का बसत नाही. एकदा हे सांगून झाले की मग प्रार्थना नेहमीसारखी मोठ्याने करावी. पाहुणा आहे म्हणून ती गिळून टाकू नये, आणि पाहुणा आहे म्हणून ती लांबवूही नये. आमचे हे पूर्वी प्रार्थनेतच सगळी सुवार्ता सांगून मोकळे व्हायचे आणि तोवर भात गार व्हायचा. त्यावर मी घरात कायदाच करून टाकला आहे.

आता पथ्यपाणी. बाजारात जाण्यापूर्वी विचारावे, ताट वाढल्यावर विचारू नये. मुसलमान मुलगा येणार असेल तर कोंबडी हलाल दुकानातून आणावी आणि आणली आहे हे त्याला आपणहून सांगावे, म्हणजे बिचाऱ्याला विचारण्याचा संकोच राहत नाही; त्या दिवशी डुकराचे मांस घरात शिजवू नये. रमजान चालू असेल तर दुपारचे बोलावणे सोडून द्यावे आणि सूर्यास्ताला खजूर, फळे आणि पाणी तयार ठेवून बोलवावे. नेपाळची मुलगी हिंदू असेल तर गोमांस टाळायचे, हे तुम्हाला ठाऊकच असेल. इथिओपियाचा तरुण जर तिथल्या ऑर्थोडॉक्स मंडळीचा असेल, तर त्याचे उपवास आपल्याला थक्क करतील. बुधवार आणि शुक्रवार, शिवाय पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचे (ईस्टरपूर्वीचे) लांबलचक दिवस, या काळात मांस, दूध, अंडी, लोणी काहीही चालत नाही. त्या दिवसांत तेलातली मटकीची उसळ, तूप न घातलेले वरण, भात आणि कोशिंबिरीऐवजी नुसता चिरलेला कांदा-काकडी, असे आपले साधे जेवण त्याला उत्तम चालते.

याच तरुणाच्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच्या देशात राजा एझानाच्या काळी, म्हणजे चौथ्या शतकात, ख्रिस्ती विश्वास राजमान्य झाला होता. आपण त्याला सुवार्ता सांगायला बसलो तर तो बहुधा नम्रपणे ऐकून घेईल आणि मग आपल्या आजोळच्या दगडी चर्चविषयी सांगू लागेल. अशा पाहुण्याकडून आपण ऐकावे. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. आपल्या करंज्या, अनारसे आणि चकल्या तोवर संपलेल्या असतात. डब्यात थोडे बाजूला काढून ठेवून त्या दिवशी त्याला बोलावले, तर त्या मुलाला केवढा आनंद होतो ते तुम्ही स्वतः पाहाल.

काही व्यवहाराच्या गोष्टी. रविवारी हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, त्यामुळे कोणी लांबून येणार असेल तर वेळ आदल्या दिवशी पक्की करावी. मुलींना घरातल्या बाईने बोलवावे आणि अंधार पडण्यापूर्वी वसतिगृहापर्यंत सोबत करावी. एकट्याला बोलावण्यापेक्षा दोघांना बोलवावे. एकटा पाहुणा परीक्षेला बसल्यासारखा बसतो. त्यांच्या देशातील युद्ध, गरिबी, सरकार हे विषय आपण काढू नयेत. आईविषयी विचारावे, धाकट्या भावंडांविषयी विचारावे, ते काय शिकतात ते समजावून घ्यावे. सगळ्यांत जास्त गरज पडते ती दिवाळीच्या सुटीत, कारण तेव्हा इथली मुले गावी जातात, खानावळ बंद होते आणि दूरदेशीची मुले रिकाम्या वसतिगृहात उरतात. मंडळीतल्या चार घरांनी त्या आठवड्यातले एकेक जेवण वाटून घेतले तर कोणालाच भार होत नाही.

विश्वासाचे बोलणे आमच्याकडे बहुतेक वेळा भिंतीवरच्या वचनावरून सुरू होते. हे काय लिहिले आहे, असे कोणी विचारतो. जेवढे विचारले तेवढे सांगावे आणि आमटी वाढावी. पुन्हा विचारले तर पुन्हा सांगावे. ज्याला वाचायचे असेल त्याला त्याच्या भाषेतील पवित्र शास्त्र मोबाईलवर काढून दाखवता येते. नेपाळी, अम्हारिक, स्वाहिली या सगळ्या भाषांत ते मिळते.

भायखळ्याचा उपदेशक

मावशींच्या अनुभवाचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. ‘विचारतील तेव्हा सांगू’ ही भूमिका ऐकायला सभ्य वाटते, पण पाहुणा हा स्वभावतःच भिडस्त असतो. नेपाळी किंवा आफ्रिकी घरात वाढलेला तरुण वयाने मोठ्या यजमानाला त्याच्या देवाविषयी आपणहून प्रश्न विचारील, ही शक्यता कमीच. तो वर्षभर येईल, जेवील, आभार मानील आणि आपल्या देशी परत जाईल, आणि हे लोक माझ्याशी इतके चांगले का वागले हे त्याला कधीच कळणार नाही. आपल्या प्रभूने जेवणाच्या पंक्तीत बसून बोलणे टाळले नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात परूश्याच्या, म्हणजे एका कर्मठ यहूदी पुढाऱ्याच्या घरी जेवताना, ज्यांना परतफेड करता येणार नाही अशांना बोलवा, असे तो यजमानालाच सांगतो, आणि जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी तर तो स्वतःच बोलावणे काढून जातो. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी उत्तर देण्यास सिद्ध असावे असे सांगितले आहे, आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे असेही लगेच जोडले आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत यजमानाने एकदा आपल्या स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सांगावी. आमच्या घरात पूर्वी काय होते, प्रभूला ओळखल्यावर काय बदलले, संकटात आम्ही कशाला धरून राहिलो, एवढेच. दुसऱ्याच्या धर्मावर टीका नाही, वाद नाही, निघताना हातात पत्रक कोंबणे नाही. त्यानंतर तो विषय त्याच्यावर सोडून द्यावा. हे सांगण्यालाही जो घाबरतो, त्याने आपण मैत्री करतो असे म्हणू नये, कारण मित्रापासून आपण आपल्या जीवनातली मुख्य गोष्ट लपवत नाही.

हे काम जगात नवे नाही. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी एडमंड्स नावाच्या, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या कार्यकर्त्याने कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘सुप्रभात’ म्हटले, तेव्हा तो थांबून म्हणाला की तीन आठवडे मी या शहरात आहे आणि माझ्याशी बोलणारे तुम्ही पहिलेच, असे सांगतात. एडमंड्स पती-पत्नीने रविवार संध्याकाळी परदेशी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावण्यास सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे १९२४ मध्ये तिथले ‘इंटरनॅशनल हाउस’ उभे राहिले. आपल्या शहराचे म्हणाल, तर १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचाच हुकूम दिला होता. आमच्यासारख्या मंडळ्यांची पाळेमुळे ज्यांच्या कामात आहेत, ते या शहरात नकोसे पाहुणे होते. परक्याला दार उघडण्याची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे.

पवईचा वाचक

मी ख्रिस्ती नाही. घरी गणपती बसतो आणि मी नियमाने आरती करतो. तरीही लिहितो आहे, कारण या प्रश्नात पाहुण्याच्या खुर्चीवर बसलेल्याचे कोणी काही सांगितलेले दिसत नाही, आणि मी जर्मनीत शिकत असताना त्या खुर्चीवर बसलो आहे.

तिथे दोन घरांनी मला बोलावले होते. पहिल्या घरातले आमंत्रण ‘भारतीय विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळचे जेवण’ असे होते. जेवण झाले, आणि बश्या उचलल्या जातात न जातात तोच खुर्च्या भिंतीकडे वळवण्यात आल्या, पडदा लावण्यात आला आणि येशूच्या जीवनावरची एक फीत सुरू झाली. त्यानंतर प्रत्येकाला काय वाटले ते विचारण्यात आले. ती फीत वाईट नव्हती, माणसेही दुष्ट नव्हती. पण आधी सांगितले असते तर मी कदाचित आलो असतो, आणि न सांगितल्यामुळे मी खाल्लेल्या प्रत्येक घासाचा हिशेब मांडला जात होता असे मला वाटले. मी तिथे पुन्हा गेलो नाही.

दुसरे घर एका निवृत्त आजींचे होते. त्या जेवणापूर्वी हात जोडून प्रार्थना म्हणत आणि मग तिचा अर्थ मला सांगत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या की आम्ही चर्चला निघालो आहोत, तुला यायचे असेल तर कोट घाल, नसेल तर भट्टीतल्या बटाट्यांकडे लक्ष ठेव. मी बटाट्यांकडे लक्ष ठेवले. पुढच्या वर्षी मी कोट घातला, कारण मला ते गाणे ऐकायचे होते. आजींनी मला ख्रिस्ती हो असे कधीच म्हटले नाही, पण मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी एकदा सरळ सांगितले की, तूही येशूला ओळखावेस यासाठी मी रोज प्रार्थना करते. मला त्याचा राग आला नाही. उलट, जे मनात आहे ते तोंडावर सांगणारे माणूस म्हणून विश्वासच वाटला. उपदेशकसाहेबांचे म्हणणे या अर्थाने मला पटते, आणि मावशींचे आमंत्रणाचे वाक्य तर अगदीच पटते. अडचण बोलण्याची नसते. आमंत्रणात एक आणि मनात दुसरे असते, तेव्हाच पाहुणा दुखावतो.

आपल्या मराठी माणसांना याचे उत्तम उदाहरण शंभर-सव्वाशे वर्षांहून जुने आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेला शिकायला गेल्या, त्यापूर्वी गोपाळरावांनी, पूर्वी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिले होते. वाइल्डर यांनी उत्तरात ख्रिस्ती होण्याचे सुचवले आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या असता तो अंक वाचला आणि पत्र पाठवले. ओळख नाही, देख नाही, तरी त्या बाईंनी १८८३ साली आनंदीबाईंना आपल्या घरात घेतले. त्याच वर्षी निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी जाहीर केले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, आणि त्यांनी ते पाळले. कार्पेंटरबाईंनी त्याबद्दल प्रेमाला कात्री लावली नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्याला आनंदीबाई वारल्यावर त्यांच्या अस्थी त्याच मावशींकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवल्या गेल्या. वाइल्डर यांच्या पत्राने जोशी पतिपत्नी ख्रिस्ती धर्माच्या जवळ आले की दूर गेले, याचा विचार या चर्चेतल्या सर्वांनी जरूर करावा. दुसरी बाजूही आहे, हे मान्य करतो: पंडिता रमाबाई त्याच १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींकडे राहिल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण नंतरही त्या तिथल्या धर्मशिक्षिकेशी सिद्धान्तावरून पत्रांतून कडाडून भांडत राहिल्या, आणि मला आनंदीबाई आणि रमाबाई या दोघींविषयी सारखाच आदर आहे.

फोर्टमधील वकील

सोसायटीच्या भीतीचा उल्लेख आला आहे म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो.

राज्यघटनेचे कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रचार करण्याचा हक्क ‘सर्व व्यक्तींना’ देते. तो केवळ नागरिकांपुरता नाही. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा नव्हे. तेव्हा जेवणाच्या टेबलावर आपला विश्वास सांगणे यात गैर काहीच नाही. गडबड होते ती प्रलोभनाच्या प्रश्नावर. अनेक राज्यांच्या धर्मस्वातंत्र्य कायद्यांत पैसा, भेटवस्तू किंवा अन्य लाभ दाखवून केलेले धर्मांतर गुन्हा ठरते. हे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून बाप्तिस्म्यापर्यंत गोष्ट आली तर त्या वेळी महाराष्ट्रात काय लागू आहे ते एखाद्या वकिलाला विचारूनच पुढे जावे. रविवारचे जेवण हे प्रलोभन आहे असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण एखाद्याची फी भरणे, खोलीचे भाडे देणे किंवा नोकरी लावून देणे आणि त्याच्याबरोबर शास्त्राभ्यासाला बसणे, या गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी करू नयेत. मदत करायची असेल तर ती अशा रीतीने करावी की उद्या तो मुलगा आपल्या धर्मात ठाम राहिला तरी ती थांबणार नाही.

आणखी तीन गोष्टी आहेत, आणि भल्या मनाने वागणाऱ्यांकडून त्याच हमखास राहून जातात. परदेशी पाहुणा रात्री मुक्कामाला राहिला, तर यजमानाने चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. लोक तिला ‘फॉर्म सी’ म्हणतात. जेवून परत जाणाऱ्याला हे लागू नाही, पण पावसात लोकल बंद पडल्या म्हणून कोणी राहिला तरी ते लागू होते. दुसरे, विद्यार्थी-व्हिसावर आलेला ख्रिस्ती तरुण उपासनेला येऊन बसू शकतो, मात्र त्याला व्यासपीठावर उभे करून उपदेश करायला लावू नये किंवा त्याच्या हाती पत्रके देऊ नयेत, कारण धर्मप्रचार त्या व्हिसात बसत नाही आणि त्याचा भुर्दंड आपल्याला बसत नाही, त्याला बसतो. इथिओपियाच्या त्या तरुणाला ‘साक्ष द्या’, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सर्वांसमोर सांगा, म्हणून पुढे करण्याचा मोह मंडळीला नक्की होईल. तिसरे, या कामासाठी परदेशातील ओळखीच्यांकडून पैसे मागवू नयेत. परकीय योगदानाच्या २०१० च्या कायद्याचे नियम फार कडक आहेत आणि वरण-भाताला परदेशी पैसा लागत नाही.

गोवंडीकर

सर्वांचे मनापासून आभार. आमंत्रणातच सगळे सांगून टाकावे, ही मावशींची सूचना आम्ही जशीच्या तशी घेतली आहे, आणि उपदेशकसाहेब म्हणतात तशी आपली गोष्ट आम्ही पहिल्याच नाही, पण पुढच्या एखाद्या भेटीत सांगू. दोन शंका उरल्या आहेत. एक म्हणजे अफगाण तरुणाविषयी काही विशेष काळजी घ्यावी लागते का? आमच्या तरुण संघाला जेवणाचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे आहेत. दुसरी शंका सोसायटीची. कायदा आपल्या बाजूने असला तरी रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसांशी कायद्याच्या भाषेत बोलता येत नाही.

वसईकर

फोटो अजिबात नकोत. अफगाणिस्तानात इस्लाम सोडल्याचा नुसता संशयसुद्धा जिवावर बेतू शकतो, आणि व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो कुठून कुठे जाईल याचा नेम नाही. त्या तरुणाने तुमच्याकडे केवळ कोंबडी-भात खाल्ला असला, तरी क्रुसाच्या खाली बसलेला त्याचा फोटो त्याच्या गावी काय अर्थाने पाहिला जाईल ते त्यालाच माहीत. प्रार्थनेच्या यादीत त्याचे नाव आणि देश लिहून ती यादी गटावर पाठवणे हेही तेवढेच धोक्याचे. तुमच्या घरात प्रार्थना करा, देवाला नाव सांगा, गटाला सांगू नका. आणि त्याने कधी विश्वासाविषयी प्रश्न विचारलेच, तर इतर पाहुण्यांसमोर त्याला उत्तरात ओढू नका. तो एकटा असताना बोला, कारण त्याच्याच देशातील दुसरा विद्यार्थी शेजारी बसला असेल तर त्याला मोकळेपणा राहत नाही.

जाता जाता एक सूचना. मुंबई दाखवताना कोणी उत्साहाने त्याला कुलाब्याच्या अफगाण चर्चला घेऊन जाईल. १८५८ साली पवित्र केलेले ते चर्च पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या इंग्रज फौजेच्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले आहे. इमारत देखणी आहे, पण काय दाखवायला नेतो आहोत हे त्याला आधी सांगावे, मग त्याने ठरवावे. त्यापेक्षा सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला न्या. तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात आणि परक्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही.

सोसायटीचे म्हणाल तर आमच्याकडे एकच उपाय चालला. सेक्रेटरींना आधी कळवावे की रविवारी अमुक संस्थेतील विद्यार्थी जेवायला येणार आहेत, आणि समोरच्या बिऱ्हाडालाही त्याच जेवणाला बोलवावे. आमच्या समोरचे जोशीकाका पहिल्या दिवशी चौकशीच्या नजरेने आले आणि टांझानियाच्या मुलीशी क्रिकेटविषयी बोलत तासभर बसले. बंद दारामागे काय चालते, ही शंका दार उघडे असल्यावर उरत नाही. माझ्या मते शेजारी पंक्तीला असणे हे त्या मुलांच्याही भल्याचे आहे, कारण पुढे खोली शोधताना आफ्रिकी मुलांना या शहरात किती दारे तोंडावर बंद होतात हे आपण सगळे जाणतो, आणि तेव्हा ओळख दाखवणारा एखादा जोशीकाका फार उपयोगी पडतो.

चेंबूरची मावशी

वसईकरांनी लिहिले ते सोळा आणे खरे. त्यात माझी थोडी भर.

दरवेळी आपणच यजमान राहू नये. दोन-तीन वेळा येऊन गेल्यावर त्यांना आपल्या स्वयंपाकघरात त्यांचे जेवण करू द्यावे. नेपाळची मुलगी डाळ-भात आणि तिची भाजी करील, तुमची पत्नी कांदा चिरून देईल, आणि त्या दिवशी बोलणे जसे मोकळे होते तसे आपण वाढलेल्या ताटावर होत नाही. ज्याला फक्त घेत राहावे लागते त्याला एक दिवस येणे जड वाटू लागते. आणि त्याने जेवण केले असेल त्या दिवशी त्याची प्रार्थना किंवा त्याची रीत काय आहे ते विचारावे आणि शांतपणे ऐकावे.

ही मुले वर्षा-दोन वर्षांत परत जातात, हे पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्यावे. कोणी खरोखर प्रभूकडे वळला असेल, तर त्याला इथेच सगळे शिकवून टाकण्याची घाई करू नये. त्याच्या देशात त्याला कोण भेटू शकेल, भेटणे सुरक्षित आहे का, याचा विचार त्याच्याबरोबर बसून करावा. कोणी वळला नसेल तर त्याच्याशी फोनवरची ख्यालीखुशाली तशीच चालू ठेवावी. निरोपाच्या वेळी मंडळीतून कोणीतरी जाडजूड पवित्र शास्त्र भेट द्यायला आणतेच. ते देण्यापूर्वी त्या मुलाला खासगीत विचारावे, कारण विमानातल्या सामानाचे वजन आणि उतरल्यावरची तपासणी या दोन्हींना त्यालाच तोंड द्यायचे असते. आमच्याकडून हल्ली निघताना चकलीचा डबा जातो, आणि शास्त्र त्याने मागितले असेल तरच जाते.